लहान मुलांची टॉन्सिल-शस्त्रक्रिया : घशाची रचना आणि रक्तस्रावाचा धोका

मूल वारंवार आजारी पडू लागले, घसा दुखतो म्हणून जेवण टाळू लागले, की ‘टॉन्सिल्स वाढल्या आहेत, काढून टाकाव्या लागतील’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. या शस्त्रक्रियेची आपल्या समाजाला फारशी भीती वाटत नाही. पोटावर छेद नाही, टाके नाहीत, बाहेरून जखम दिसत नाही. एक-दोन दिवसांत मूल घरी येते आणि त्याला आइस्क्रीम खावयास मिळते म्हणून भावंडांना त्याचा थोडा हेवाही वाटतो. ही निर्भयता बव्हंशी सार्थ आहे. अनुभवी शल्यचिकित्सक आणि कुशल भूलतज्ज्ञ असतील तर ही शस्त्रक्रिया सुरक्षित असते व असंख्य मुलांना तिचा लाभ झालेला आहे. तरीही कान-नाक-घशाचे तज्ज्ञ तिला किरकोळ म्हणावयास तयार नसतात. त्याचे प्रमुख कारण रक्तस्राव हे होय.

२००६ व २००७ या दोन वर्षांत युरोपातील ऑस्ट्रिया या देशात टॉन्सिल काढल्यानंतरच्या रक्तस्रावाने पाच मुले दगावली. पाचही मुले सहा वर्षांखालील होती. ऑस्ट्रियाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ८३ लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराहूनही कमी होती. देश संपन्न, रुग्णालये, रक्तपेढ्या, रुग्णवाहिका व उत्तम रस्ते यांची तेथे वाण नाही. अशा देशात हे घडू शकते, तर रात्री वाहन मिळविण्यासाठी दोन-चार दारे ठोठवावी लागतात अशा आपल्या वाड्यावस्त्यांवर या धोक्याची माहिती किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको. ही माहिती डॉक्टरांपुरती मर्यादित राहून चालत नाही. याचे कारण असे की, या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव पुष्कळदा मूल रुग्णालयातून घरी परतल्यानंतर, पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान होतो. त्या वेळी मुलाजवळ असतात ते आईवडील, शेजारी, शिक्षक आणि गावातील जाणती माणसे.

देवळीतली गाठ

मुलाला उजेडाकडे तोंड करून ‘आ’ करावयास सांगितले, की जिभेच्या मागे मधोमध लोंबणारी पडजीभ दिसते. तिच्या दोन्ही बाजूंस वरून खाली उतरणाऱ्या दोन-दोन कमानी असतात. एक पुढची व एक मागची. जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवण्यासाठी देवळी असते, तसा एक कोनाडा या दोन कमानींच्या मध्ये तयार होतो. त्या कोनाड्यात बदामाच्या आकाराची, खाचखळग्यांनी भरलेली गुलाबी गाठ बसलेली असते. तीच टॉन्सिल. मराठी परिभाषेत तिला गिलायु असे नाव आहे.

अशी गाठ डावी-उजवी मिळून दोनच असते असे मात्र नाही. नाकाच्या मागील पोकळीत तिच्यासारखीच एक गादी असते, तिला ॲडेनॉइड म्हणतात. जिभेच्या मुळाशीही याच प्रकारच्या ऊतींचा थर असतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ साली या सर्वांचे मिळून एक कडे बनते असे दाखवून दिले आणि आजही ते कडे त्यांच्याच नावाने ओळखले जाते. श्वासावाटे व अन्नावाटे आत येणाऱ्या जंतूंची पहिली ओळख शरीराला या कड्यात पटते. तीन ते सात वर्षांच्या सुमारास टॉन्सिल्स स्वाभाविकपणेच मोठ्या असतात व पुढे वयाबरोबर लहान होत जातात. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिल्स ‘मोठ्या दिसतात’ एवढ्याने तो रोग ठरत नाही. उलट, दोन गाठी काढल्या तरी कड्यातील बाकीच्या ऊती राहतात. म्हणून टॉन्सिल काढलेले मूल जंतूंपुढे अगदी निराधार होते, ही समजूतही बरोबर नाही.

रक्तस्रावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या देवळीच्या मागची भिंत. टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगास एक पातळ पण चिवट वेष्टन असते. त्याच्या पलीकडे सैल तंतूंचा एक थर, त्यापलीकडे घसा आवळणारा एक पातळ स्नायू आणि त्याही पलीकडे मानेतील मोठ्या रक्तवाहिन्या. शल्यचिकित्सक वेष्टन आणि स्नायू यांच्यामधील त्या सैल थरातून वाट काढतो. नारळाच्या वाटीतून खोबरे अलगद सोडवावे तशी गाठ सुटून येते. थर शाबूत असेल तर रक्त थोडे जाते. पण वारंवार सूज येऊन गेली असेल, किंवा टॉन्सिलच्या मागे एकदा पू झालेला असेल, तर तो थर चिकटून घट्ट होतो. मग स्नायूला इजा होण्याचा व वाहिन्या उघड्या पडण्याचा संभव वाढतो.

एवढ्याशा गाठीला रक्तपुरवठा मात्र चोहोबाजूंनी होतो. मानेतून वर जाणाऱ्या बाह्य ग्रीवा रोहिणीच्या शाखांतून पाच लहान वाहिन्या तिच्याकडे येतात. चेहऱ्याकडे, जिभेकडे, टाळूकडे व घशाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रोहिण्यांचे हे फाटे होत. त्यांतील प्रमुख फाटा चेहऱ्याच्या रोहिणीपासून निघतो, स्नायू भेदून टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी आत शिरतो. पाच झऱ्यांच्या विहिरीतील एक झरा बुजविला म्हणून पाणी थांबत नाही. तसेच येथे एक वाहिनी बांधली म्हणून रक्त थांबेलच असे नाही. याखेरीज टाळूकडून खाली येणारी एक नीला टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला बिलगून जाते. शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तस्राव पुष्कळदा हिच्यातूनच होतो.

मेंदूकडे रक्त नेणारी अंतर्ग्रीवा रोहिणी या कोनाड्याच्या मागे व बाहेरच्या अंगास असते. प्रौढ माणसात हे अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे असते. लहान मुलात ते आणखी कमी. क्वचित एखाद्या व्यक्तीत ही रोहिणी सरळ न जाता वळण घेऊन घशाच्या भिंतीजवळ येते. काही जन्मजात विकारांत असे अधिक आढळते. म्हणून जाणता शल्यचिकित्सक शस्त्र हाती घेण्यापूर्वी घशाच्या भिंतीवर कोठे ठोका दिसतो काय, हे निरखून पाहतो.

याच भिंतीतून जिभेच्या मागील भागाकडे जाणारी एक मज्जा जाते व तिचा एक फाटा कानाकडे असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मूल ‘कान दुखतो’ म्हणून रडू लागते. पालक गोंधळतात आणि कानात तेल किंवा थेंब घालतात. कान निर्दोष असतो. दुखणे घशाचे असते.

फुलपात्रभर रक्त

हाताला विळी लागली तर आपण फडके करकचून बांधतो. घशातील जखमेला असे काही करता येत नाही, ही येथील पहिली अडचण. टॉन्सिल काढल्यावर दोन्ही कोनाडे उघडे राहतात. त्यांवर ओढून घेण्यास त्वचा नसते, सर्वसाधारणतः टाके घालीत नाहीत, पट्टी बांधता येत नाही. जखम सदैव ओली; प्रत्येक घोटाबरोबर हलणारी. रक्त थांबते ते शरीराच्या स्वतःच्या सामर्थ्याने : तुटलेल्या वाहिनीचे तोंड आक्रसते, भोवतीचा स्नायू तिला आवळतो आणि तोंडाशी रक्त गोठते. येथे एक गोष्ट आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलट आहे. कातडीवरच्या जखमेवर खपली धरली म्हणजे आपण निर्धास्त होतो. घशातील कोनाड्यात मात्र रक्ताची मोठी गुठळी बसली तर ती स्नायूला आवळू देत नाही आणि तिच्याखाली रक्त वाहतच राहते. अशा वेळी डॉक्टर ती गुठळी प्रथम काढून टाकतात. हे काम डॉक्टरांचेच. घरच्या कोणी बोट किंवा कापूस घशात घालू नये.

दुसरी अडचण मुलाच्या लहान आकाराची. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० ते ८० मिलिलिटर रक्त असते. चार वर्षांच्या, १५ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सारे मिळून लिटरभराहून थोडेसे अधिक रक्त भरते. आपल्या घरातील पाणी पिण्याचे फुलपात्र अदमासे २०० मिलिलिटरचे असते. प्रौढ माणसाच्या शरीरातून एवढे रक्त गेले तर ते विसाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. त्या चार वर्षांच्या मुलाचा मात्र पाचवा-सहावा हिस्सा गेलेला असतो. त्यात आपल्याकडील मुलांची मूळची गंगाजळीच तोकडी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयी मुलाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती आधीच कमी असते, म्हणून तेवढाच रक्तस्राव त्याला अधिक जड जातो.

मुलाचे शरीर हे नुकसान काही काळ झाकून ठेवते, ही तिसरी आणि माझ्या मते सर्वांत फसवी अडचण होय. रक्त कमी झाले, की मुलाचे हृदय जलद चालू लागते, हातापायांच्या वाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब टिकून राहतो. चौथ्या हिश्श्याच्या आसपास रक्त जाईपर्यंत मूल बसते, बोलते, आईला ओळखते. त्यानंतर मात्र ते झपाट्याने कोसळते. मोठ्या माणसात उतार हळूहळू दिसतो, मुलात तो कड्यासारखा असतो. म्हणून ‘मूल तर बरे दिसते आहे’ हा निर्वाळा येथे उपयोगी नाही. हातपाय गार, चेहरा पांढुरका, नाडी धावणारी अशी चिन्हे दिसली, तर बराच वेळ आधीच निघून गेला आहे असे समजावे.

शिवाय मुले रक्त थुंकत नाहीत, गिळतात. झोपेत तर गिळतातच. उशी स्वच्छ, तोंड स्वच्छ आणि पोटात मात्र रक्त साठत जाते. मग एकाएकी काळपट, कॉफीसारखी मोठी उलटी होते आणि घरात धावपळ उडते. झोपलेले मूल पुनःपुन्हा आवंढा गिळताना दिसले, तर ते रक्तस्रावाचे सर्वांत आधी कळणारे चिन्ह असू शकते. दिवा लावून तोंड पाहावे, मुलाला उठवून थुंकावयास सांगावे.

पहिला दिवस आणि सहावा दिवस

शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दोन वेळी संभवतो. पहिला, चोवीस तासांच्या आत, आणि त्यातही बहुधा पहिल्या सहा-आठ तासांत. भुलेच्या अंमलाखाली रक्तदाब उतरलेला असतो; मूल जागे होऊन रडू-खोकू लागले, की तो वाढतो आणि एखादी आक्रसलेली वाहिनी पुन्हा उघडते, किंवा बांधलेला दोरा निसटतो. हा रक्तस्राव गंभीर असला तरी मूल त्या वेळी बहुधा रुग्णालयातच असते. परिचारिका दर थोड्या वेळाने नाडी पाहते ती याचसाठी. ‘सकाळी शस्त्रक्रिया झाली, आता दुपारच्या एस.टी.ने गावी जाऊ द्या’ असा आग्रह पालकांनी धरू नये.

दुसरा रक्तस्राव उशिरा होतो. जखमेवर एक-दोन दिवसांत पांढरट-पिवळसर साय धरते. ती पाहून शेजारीपाजारी ‘घशात पू झाला’ असे सांगतात; वस्तुतः तो पू नव्हे, ओल्या जागेवरची ती खपलीच होय. पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान ही साय सुटू लागते. तिच्याखाली नवा थर पुरेसा तयार झालेला नसेल किंवा तेथे जंतूंचा प्रादुर्भाव झाला असेल, तर एखादी वाहिनी उघडी पडते. गंमत अशी, की याच सुमारास मुलाचा चेहरा उजळलेला असतो, दुखणे कमी झालेले असते, घरच्यांची काळजी ओसरलेली असते आणि ‘आता शाळेत जाऊ दे’ अशी भाषा सुरू होते.

इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये २००३ ते २००४ या काळात सुमारे ३४ हजार टॉन्सिल-शस्त्रक्रियांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी ३.५ टक्के रुग्णांना नंतर रक्तस्राव झाला. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले असे रुग्ण सुमारे शंभरात एक होते. मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत हे प्रमाण कमी आढळले. मात्र प्रमाण कमी म्हणून परिणाम सौम्य असे होत नाही. वर दिलेला फुलपात्राचा हिशेब येथे लागू पडतो.

या नोंदींतून आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याची व वाहिन्या डागण्याची पद्धत दरम्यानच्या काळात लोकप्रिय झाली होती. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त कमी जाते, काम लवकर उरकते. पण नंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण तिच्यात साध्या पोलादी शस्त्रांनी गाठ सोडवून वाहिन्या दोऱ्याने बांधण्याच्या जुन्या पद्धतीच्या सुमारे तिप्पट आढळले. उष्णतेने भोवतालच्या ऊतीही भाजतात, साय जाड धरते आणि ती सुटताना खोलवरची वाहिनी उघडी पडते, हे त्याचे स्पष्टीकरण. टेबलावर वाचविलेले रक्त सहाव्या दिवशी व्याजासह वसूल होते, असेच म्हणावे लागेल.

ही चिंता नवी नव्हे. सुश्रुतसंहितेत घशाच्या रोगांमध्ये तुंडिकेरी व गिलायु यांची वर्णने आहेत. पडजीभ वाढल्यास ती कशी छेदावी हे सांगताना सुश्रुताने छेद अधिक झाला तर रक्त वाहून रोगी दगावतो, कमी झाला तर सूज राहते व लाळ गळते, असे बजावले आहे. रोममधील सेल्सस या लेखकाने पहिल्या शतकात बोटाने टॉन्सिल सैल करून उपटण्याची रीत लिहून ठेवली. एकोणिसाव्या शतकात, १८२८ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक फिझिक यांनी टॉन्सिल झटक्यात कापण्याचे उपकरण प्रचारात आणले. त्याने गाठीचा वरचा भाग निघे, मूळ बहुधा राही. वेष्टनासह संपूर्ण गाठ सोडवून वाहिन्या बांधण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली.

ऑस्ट्रियातील मृत्यूंनंतर चक्र काहीसे उलटे फिरले. तेथील कान-नाक-घसातज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांनी २००७ साली एकत्र बसून असे ठरविले, की सहा वर्षांखालील मुलांत केवळ गाठी मोठ्या झाल्यामुळे श्वासास अडथळा होत असेल, तर शक्यतो संपूर्ण टॉन्सिल काढू नये. पुढे आलेला भाग तेवढा काढावा आणि वेष्टन व मागची भिंत यांना हात लावू नये. मोठ्या रक्तवाहिन्या त्या भिंतीपलीकडे असल्याने हा उपाय रचनेला धरून आहे. त्यानंतर २००९ ते २०१० या काळात त्याच देशात नऊ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेण्यात आली. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तरी ती या नोंदीत रक्तस्राव म्हणूनच मोजली गेली, त्यामुळे आकडे मोठे दिसतात. संपूर्ण टॉन्सिल काढलेल्यांत शंभरी १५, तर अंशतः काढलेल्यांत शंभरी दोनाहून किंचित अधिक रुग्णांना रक्तस्राव झाला. अंशतः काढलेली गाठ काही मुलांत पुन्हा वाढते आणि वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर ही पद्धत तितकीशी उपयोगी नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कोणाची काढावी ?

रक्तस्राव टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया न करणे. न्यूयॉर्कमधील अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची एक पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६१ टक्के मुलांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या होत्या. उरलेली मुले डॉक्टरांना दाखविली. त्यांनी ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचविली. ज्यांना ‘गरज नाही’ असे सांगितले गेले ती मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखविली. त्यांनी त्यांतील ४६ टक्के निवडली. तिसऱ्या फेरीतही जवळजवळ तेच घडले. तीन फेऱ्यांनंतर हजारांपैकी अवघी ६५ मुले या शस्त्रक्रियेच्या शिफारशीवाचून उरली. डॉक्टरांच्या नजरेत ठरावीक प्रमाण बसलेले होते. मुलाच्या घशाशी त्याचा संबंध थोडाच होता.

पुढे अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डॉ. पॅराडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक मोजमाप पुढे आले व ते आजही प्रमाण मानले जाते. घसा तीव्रपणे सुजून तापासह आजारी पडण्याचे प्रसंग एका वर्षात सात, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन. आणि तेही नोंद केलेले, नुसते आठवणीतले नव्हेत. याहून कमी असल्यास काही काळ वाट पाहणे इष्ट. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे झोपेत श्वास अडणे : मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते, दिवसा वर्गात पेंगते किंवा अकारण चिडचिडे होते. अशा मुलाला शस्त्रक्रियेने खरोखरच नवे जीवन मिळते. ‘वर्गात लक्ष नाही’ अशी नोंद करणाऱ्या शिक्षकांनी पालकांना ‘हा रात्री घोरतो काय ?’ एवढे विचारावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या वेळी अशा मुलांची नावे त्यांच्या निदर्शनास आणता येतील.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर आधी रक्ताची तपासणी होते. पण प्रयोगशाळेच्या कागदापेक्षाही घरच्यांनी दिलेली माहिती अधिक मोलाची असते. मुलाचा घोळणा वारंवार फुटतो काय, दुधाचा दात पडल्यावर रक्त बराच वेळ वाहिले काय, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात काय, आईला पाळीच्या वेळी अतिशय रक्त जाते काय, मुलाच्या मामांपैकी कोणाला रक्त न थांबण्याचा विकार आहे काय ? हिमोफिलिया हा विकार आईकडून मुलग्यांकडे येतो, म्हणून मामांची चौकशी. संकोचाने यांतील काही लपवू नये. रक्तक्षय असल्यास, शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधी तो भरून काढावा. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी झालेली आहे याची खात्री करून घ्यावी. त्या मुलांना भूल देण्यापूर्वी वेगळी तयारी करावी लागते.

गावी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस, शक्य तर दोन आठवडे, मुलाने रात्री-अपरात्रीही जेथून रुग्णालय लवकर गाठता येईल अशा ठिकाणी राहावे. गाव फार आत असेल, पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन वाट बंद होत असेल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नातलगाकडे मुक्काम करावा. या दिवसांत लग्नाचा प्रवास, जत्रा, शाळेची सहल, पोहणे, कबड्डी हे सर्व वर्ज्य. शिक्षकांनी अशा मुलाची रजा हजेरीच्या आग्रहापायी कमी करू नये.

खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्याकडे नको तितकी बंधने घालतात. खरी गरज मुलाने गिळत राहण्याची व भरपूर पाणी पिण्याची आहे. दुखते म्हणून मूल गिळणे टाळते, घसा कोरडा पडतो आणि साय कडक होते. ताक, पेज, नाचणीचे आंबील, मऊ भात, थंड दूध, जे मूल खुशीने घेईल ते द्यावे. कढत चहा, चकली, फरसाण असे टोचणारे पदार्थ तेवढे टाळावेत. दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, मूल मागण्याची वाट न पाहता द्यावे. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. तिने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही नको. त्याने काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली टॉन्सिल-शस्त्रक्रियेनंतर ते मुलांना देण्याविरुद्ध कडक इशारा दिला.

थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, तर ते थांबले आहे की नाही याची वाट पाहू नये. थोडेसे रक्त येऊन आपोआप थांबणे ही पुष्कळदा मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असते. मुलाला पुढे वाकवून बसवावे व रक्त भांड्यात थुंकावयास लावावे. ते भांडे बरोबर न्यावे, म्हणजे किती रक्त गेले याचा डॉक्टरांना अंदाज येतो. मूल गुंगीत असेल तर कुशीवर निजवावे, उताणे कदापि नाही. तोंडाने काहीही देऊ नये, कारण पुन्हा भूल देण्याची वेळ येऊ शकते आणि भरलेल्या पोटातील पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दूरध्वनीवर ‘टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेले मूल, घशातून रक्त’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेवर असेल तर तेथे शिरेतून सलाइन सुरू करून घेता येईल, पण तेथे मुक्काम करू नये. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी जेथे आहेत, तेच गाठण्याचे ठिकाण. ते कोणते, याची विचारणा रुग्णालयातून निघतानाच करून कार्डावर दूरध्वनी क्रमांकासह लिहून घ्यावी आणि रात्री वाहन देऊ शकेल अशा गावातील एक-दोघांना त्याची आधीच कल्पना द्यावी. सरपंच किंवा आशा कार्यकर्तीला हे ठाऊक असले, तर ऐन वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

दोन आठवड्यांनंतर साय बहुधा गेलेली असते आणि कोनाड्यात गुलाबी नवी त्वचा दिसू लागते. डॉक्टरांनी एकदा तपासून होकार दिला, की मुलाला शाळेत आणि मैदानावर मोकळे सोडावे.